दोगू मूर्ती कशासाठी घडवल्या असतील?

टोकियोत नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याने फुगीर डोळ्यांची, डोळ्यांत फक्त एक आडवी चीर असलेली मातीची प्राचीन मूर्ती, म्हणजे दोगू, पाहिली. बरोबरच्यांपैकी एकाने सांगितले की ही देवी, दुसरा म्हणाला मूल होण्यासाठीचा तोडगा, तिसऱ्याने थेट परग्रहावरचा पाहुणा ठरवले. वाचकाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: या मूर्ती नेमक्या कशासाठी होत्या, आणि त्या मुद्दाम फोडत असत हे खरे का.

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे जे काही उत्तर हाती लागते ते त्याच वाटेने. उत्खननात निघणारी खापरे आणि मृण्मूर्ती धुणे, जुळवणे, नोंदवणे हे काम मी पंचवीस वर्षे करतो आहे. या कामात एक सवय अंगी बाणते. मूर्ती हातात आली की आधी तिची तुटलेली कड बघायची, चेहरा नंतर. चेहऱ्यात आपण आपल्याच मनातले काहीतरी वाचतो. कडेवरून मात्र कळते की इथे ओल्या मातीचे दोन गोळे जोडले होते, की भाजताना तडा गेला, की वरच्या मातीच्या भाराने मूर्ती दबली, की ती आजच आपल्या कुदळीने मोडली.

उमेदवारीच्या काळात नोंदवहीत एका शिर नसलेल्या स्त्रीमूर्तीपुढे मी 'मातृदेवता' असे लिहून मोकळा झालो होतो. माझ्या वरिष्ठांनी ते खोडायला लावले आणि लिहून घेतले: 'स्त्रीमूर्ती, शिर नाही, मानेची कड जुनी व झिजलेली, चुलीपासून दोन हातांवर.' तेव्हा मला ती कटकट वाटली. आज वाटते की दोगूंबद्दल जे काही खात्रीने बोलता येते, ते अशाच कोरड्या नोंदींमुळे.

आता थोडी पार्श्वभूमी. दोगू म्हणजे जपानच्या जोमोन काळातल्या मातीच्या मूर्ती. १८७७ मध्ये एडवर्ड मोर्स या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने टोकियोजवळच्या ओमोरीला शिंपल्यांचा ढिगारा उकरला. त्यात दोरीचे ठसे उठवलेली खापरे निघाली. जोमोन या शब्दाचा अर्थच दोरीची नक्षी. हे लोक शिकार, मासेमारी, अक्रोड-चेस्टनट आणि कंदमुळांवर जगत, तरीही वस्ती करून एका जागी राहत आणि भांडी भाजत. हा काळ दहा हजार वर्षांहून लांब आहे. आतापर्यंत सुमारे १८,००० दोगू सापडल्याचे सांगतात. त्यांतल्या बहुतेक तुकड्यांच्या रूपात आहेत. हानिवा नावाच्या मातीच्या आकृतींशी अनेकजण त्यांची गल्लत करतात. हानिवा खूप नंतरच्या, इसवी सनाच्या तिसऱ्या ते सहाव्या शतकातल्या, आणि त्या सरदारांच्या थडग्यांच्या टेकाडांवर उभ्या करत. त्यांची जागा ठरलेली असल्याने त्यांच्या प्रयोजनाबद्दल एवढा गोंधळ नाही. दोगूंची जागा अशी ठरलेली नाही, सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

आधी परग्रहवाल्या पाहुण्याचे बघू. वाचकाने पाहिलेली मूर्ती उत्तर जपानच्या आओमोरी प्रांतातल्या कामेगाओका इथली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती सापडली, उंची साधारण ३४ सेंटिमीटर, आतून पोकळ, डावा पाय गायब. त्सुबोई शोगोरो या जपानी मानवशास्त्रज्ञाला तिचे डोळे पाहून आर्क्टिकमधले इन्युइट लोक बर्फाच्या लखलखाटापासून वाचायला लावतात त्या चिरेच्या चष्म्याची आठवण झाली. तेव्हापासून या प्रकाराला 'शाकोकी दोगू' म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याची दोगू असे नाव पडले. पुढच्या अभ्यासात चष्मा मागे पडला. आता बहुतेक अभ्यासक ते डोळेच मानतात, मोठे करून दाखवलेले, कदाचित मिटलेले. नाव तेवढे राहिले, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कोणीतरी चष्म्याचे शिरस्त्राण केले, नक्षीचा अंतराळवेश केला. या कल्पनेत मोठी खोट ही की ती एकाच मूर्तीकडे पाहते. शाकोकी दोगू कुठून आली याची पायरी-पायरीची वाट आधीच्या मूर्तींमध्ये दिसते. डोळे कसे मोठे होत गेले, नक्षी कशी दाट होत गेली, हे शेकडो तुकडे कालक्रमाने मांडले की समोर येते. आकाशातून काही उतरायची गरज कुठेच पडत नाही.

त्या वाटेच्या सुरुवातीला मूर्ती अगदी लहान आहेत. शिगा प्रांतातल्या आइदानी-कुमाहारा इथे २०१० मध्ये सापडलेली दोगू सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची, उंची जेमतेम ३.१ सेंटिमीटर. मुठीत मावते. तिला चेहरा नाही, हातपाय नाहीत. आहे ते फक्त छाती आणि कमरेचा बाक असलेले धड. मिए प्रांतातली कायुमी-इजिरीची दोगूही तशीच, ६.८ सेंटिमीटरची. ठसठशीत डोळे-नाक-तोंड असलेला चेहरा काही हजार वर्षांनी येतो. मला हे फार महत्त्वाचे वाटते. ज्यांनी ही परंपरा सुरू केली त्यांना स्त्रीचे शरीर दाखवायचे होते, कोणा एकीचे रूप दाखवायचे नव्हते. चेहरा नसलेल्या, मुठीत मावणाऱ्या वस्तूकडे लोक मांडी घालून बघत बसले असतील असे वाटत नाही. ती हातात धरायची, जवळ बाळगायची वस्तू असावी.

आणि स्त्रीचेच शरीर. स्तन, पुढे आलेले पोट, आणि अनेक मूर्तींवर पोटाच्या मध्यातून खाली उतरणारी सरळ रेघ. गरोदरपणात पोटावर जी काळसर रेघ उमटते तीच ही, असे अभ्यासक मानतात. पुरुष म्हणता येईल अशा दोगू अगदी थोड्या. टोकियोतल्या हाचिओजी भागात मियाता इथे सापडलेली दोगू मांडीवर मूल घेऊन बसली आहे. आईचे डोके मात्र तुटून गेले आहे. यामानाशी प्रांतातल्या त्सुगाने-गोशोनोमाए इथल्या एका मोठ्या भांड्याच्या पोटातून बाळाचा चेहरा बाहेर येताना दाखवला आहे, भांडेच जणू बाळंत होते आहे. त्याच लोकांच्या वस्त्यांत लहान मुलांना मडक्यांत घालून पुरल्याचे पुरावेही पुष्कळ आहेत. आओमोरीच्या सान्नाइ-मारुयामा या एकाच वस्तीत अशी शेकडो मडकी निघाली. जिथे बाळंतपण म्हणजे दर वेळी जिवावरची वेळ होती, तिथे बायकांच्या पोटाची काळजी मातीत उतरली असेल, तर त्यात नवल काही नाही. सुखरूप सुटका आणि मूल जगणे, हा धागा मला सगळ्यांत भक्कम वाटतो.

भक्कम असला तरी एकट्याने तो पुरत नाही. बाळंतपण काय, साऱ्या जपानभर होत होते. दोगू मात्र पूर्वेकडे आणि उत्तरेकडे दाटीने सापडतात, पश्चिमेकडे तुरळक. पूर्वेतही एका वस्तीत हजारो आणि शेजारच्या वस्तीत चार-दोन. म्हणजे गरज सगळ्यांची आणि रीत काहींची. ज्या मोठ्या वस्त्यांत आजूबाजूचे लोक जमत असावेत, तिथे दोगूंची संख्या फुगते. घरातल्या घरात कोनाड्यात ठेवायच्या वस्तूचे असे होत नाही. चारचौघांत करायच्या विधीचे होते.

आता फोडण्याचा प्रश्न. यामानाशीतल्या शाकादो इथे चुओ महामार्गाच्या बांधकामाआधी १९८० च्या सुमारास उत्खनन झाले. तिथे १,११६ दोगू निघाल्या, आणि अखंड म्हणावी अशी जवळजवळ एकही नाही. डोकी वेगळी, पाय वेगळे, धडांचे तुकडे. तुकड्यांचे जोड शोधायला बसल्यावर हाती फार थोडे जोड लागले, आणि काही जोड तर दोनशे मीटरहून जास्त अंतरावर पडलेल्या तुकड्यांचे होते. सान्नाइ-मारुयामात दोन हजारांहून अधिक दोगू मिळाल्या; त्यांतली सर्वांत मोठी, क्रुसासारखी चपटी, ३२ सेंटिमीटरची. तिचे डोके आणि धड एकमेकांपासून सुमारे ९० मीटरवर सापडले. पावसाचे पाणी आणि उंदीर-घुशी तुकडे हलवतात, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. पण ते चार-पाच हात, फार तर उतारावर थोडे अधिक. नव्वद मीटर आणि त्याहून लांब तुकडा जातो तो बहुधा माणसाच्या हातातून.

यापुढे शाकादोच्या तुकड्यांनी आणखी एक गोष्ट उघड केली, आणि कारागिराच्या नजरेने पाहणाऱ्याला तीच सगळ्यांत रोचक. तुटलेल्या कडा पाहिल्यावर अभ्यासकांच्या लक्षात आले की मूर्ती एकाच गोळ्यातून ओढून काढलेली नाही. डोके, छाती, हात, पाय यांचे वेगवेगळे गोळे करून, काही ठिकाणी मध्ये बारीक काडी खुपसून, ते एकमेकांना जोडले आणि वरून मातीचा पातळ थर दिला. भाजल्यावर काडी जळून गेली, भोक उरले. अशी मूर्ती जोडावरच सुटते, आणि सुटलेली कड खडबडीत न राहता गुळगुळीत, गोलसर राहते. यावरून काहींनी म्हटले की ती मोडता यावी म्हणूनच तशी घडवली.

इथे मी थोडा सावध आहे. काडीचा आधार देऊन गोळे जोडणे ही कुंभाराची साधी सोयही असू शकते. भरीव मूर्ती उघड्यावरच्या जाळात भाजायची म्हणजे जोखीम असते. जाड भागातली ओल मागे राहिली की तडा जातो. लहान लहान गोळे सारखे वाळतात. शिवाय कोणतीही मातीची बाहुली पडली तर मानेत आणि पायातच मोडते, कारण तिथेच ती बारीक असते. म्हणून 'कड जोडावर आहे' एवढ्याने 'मुद्दाम फोडली' हे सिद्ध होत नाही. मोडण्याचा निकाल मला दोनच गोष्टींवर द्यावासा वाटतो: तुकडे कुठे गेले, आणि जाड, भक्कम जागाही मोडल्या आहेत का. शाकादोत धडही मधोमध फुटलेले आहे आणि तुकडेही दूर गेले आहेत. तिथे तरी मी 'हो, फोडत असत आणि वाटून नेत असत' या बाजूचा आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण आओमोरीतच आहे. हाचिनोहेजवळच्या काझाहारी इथे १९८९ मध्ये गुडघे वर घेऊन बसलेली, छातीपुढे हात जोडलेली दोगू मिळाली, उंची १९.८ सेंटिमीटर. ती एका घराच्या आत, भिंतीच्या कडेला होती. सुटलेला पाय त्याच घरात थोड्या अंतरावर. मूर्तीच्या मोडलेल्या जागी नैसर्गिक डांबर लावलेले आहे. अकिता आणि निइगाताच्या भागात जमिनीतून असे डांबर झिरपते आणि जोमोन लोक ते बाणांची टोके चिकटवायला वापरत. म्हणजे ही मूर्ती मोडली तेव्हा कोणीतरी डांबर गरम करून ती सांधली आणि पुन्हा घरात ठेवली. जिला मोडायचे होते तिला कोणी सांधत नाही. हात जोडून प्रार्थना करते म्हणून तिला 'गाश्शो' दोगू म्हणतात. काही अभ्यासकांना ती उकिडवी बसून बाळंत होणारी बाई वाटते. बसण्याची ढब पाहता मीही त्या मताकडे झुकतो, पण चेहऱ्यावरून आणि ढबीवरून बोलायचे नाही हा माझाच नियम असल्याने त्यावर फार भर देत नाही.

तिसरे चित्र नागानो प्रांतातल्या चिनोचे. तिथून दोन दोगू राष्ट्रीय ठेवा ठरल्या आहेत. पहिली तानाबाताके इथे १९८६ मध्ये मिळाली, २७ सेंटिमीटर उंच, भरीव, दोन किलोंहून जड, मातीत अभ्रकाचे कण असल्याने चमकणारी. लोक तिला 'जोमोनची व्हीनस' म्हणतात. वस्तीच्या मधल्या मोकळ्या जागेत खड्डा करून ती आडवी निजवली होती, अखंड. दुसरी नाकाप्पारा इथे २००० मध्ये निघाली, ३४ सेंटिमीटरची, चेहऱ्यावर उलट्या त्रिकोणाचा मुखवटा असल्यासारखी. तीही खड्ड्यात आडवी होती, पण उजवा पाय सुटलेला, आणि त्या सांध्याजवळचा मातीचा एक तुकडा पोकळ शरीराच्या आत. वरच्या मातीने दाबून पाय मोडला असता तर तुकडा असा आत कसा जाईल? पाय आधी मोडला, मग मूर्ती पुरली. शेजारच्या खड्ड्यांत माणसांची दफने होती आणि मृतांच्या तोंडावर वाडगे पालथे घातले होते. म्हणजे इथे दोगू बाळंतपणाच्या खोलीतून निघून मृत्यूच्या शेजारी आली आहे. दोन्ही जागा एकाच खोऱ्यातल्या, मधे सुमारे हजार वर्षे.

म्हणून 'दोगू कशासाठी' या प्रश्नाला एकवचनी उत्तर मागू नये, असे माझे म्हणणे आहे. ताबीज, घरातली रक्षक, जमावात फोडायची वस्तू, मृताची सोबतीण, ही एकाच वस्तूची वेगवेगळ्या काळातली आणि वेगवेगळ्या खोऱ्यांतली कामे असू शकतात. काही दोगू तर पोकळ असून आत खडे आहेत आणि हलवल्या की वाजतात. त्यांचे काम आणखी निराळे असणार.

फोडण्यामागचा विचार काय असेल, यावर दोन मते जास्त ऐकू येतात. एक उपचाराचे: आजार किंवा इजा मूर्तीच्या अवयवावर उतरवायची आणि तो अवयव तोडून टाकायचा. आपल्याकडे वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात-पाय वाहतात, त्यामुळे मराठी माणसाला हे मत लगेच पटते. अडचण अशी की दुखरा अवयव तोडत असतील तर एकच पाय तुटलेल्या आणि बाकी धड राहिलेल्या दोगू मोठ्या संख्येने मिळायला हव्यात. शाकादोत तर सगळेच तुटलेले आहे.

दुसरे मत पुराणकथेवरचे. ७१२ मध्ये लिहिलेल्या 'कोजिकी' या जपानी पुराणकथांच्या ग्रंथात ओगेत्सुहिमे या अन्नदेवीची कथा आहे. सुसानोओ हा देव तिला मारतो आणि तिच्या डोळ्यांतून भात, कानांतून बाजरीसारखे धान्य, नाकातून लाल चवळीसारखे अझुकी उगवते. देवीचे तुकडे झाले की पीक येते, म्हणून मूर्ती फोडून तुकडे वस्तीभर आणि शिवारात पसरायचे. हे मत मांडणाऱ्यांना बराच काळ एकच उत्तर मिळे: जोमोन लोक शेती करतच नव्हते. पण अलीकडे भांड्यांच्या मातीत दाबल्या गेलेल्या दाण्यांच्या ठशांचे साचे घेऊन अभ्यास झाला, आणि मध्य जपानात याच काळात सोयाबीन आणि अझुकीचे दाणे आकाराने वाढत गेल्याचे दिसले. म्हणजे माणूस ती पिके जोपासत होता. त्यामुळे हे मत आता पूर्वीइतके सहज बाजूला सारता येत नाही. मला मात्र मधली तीन-चार हजार वर्षे खटकतात. एवढ्या काळात भाषा बदलली, भातशेती करणारे नवे लोक आले, आणि कथा मात्र तशीच पोचली, हे मानायला मला आणखी काही हवे आहे.

२०२१ मध्ये एका अभ्यासकाने अशीही मांडणी केली की प्रत्येक प्रकारची दोगू म्हणजे एकेका खाद्य वनस्पतीचे किंवा शिंपल्याचे रूप आहे. पुस्तक खूप गाजले. पुरातत्त्वज्ञांनी त्याला सविस्तर उत्तर दिले, आणि त्यांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. एक निवडक मूर्ती आणि एक निवडक फळ शेजारी ठेवले की साम्य दिसतेच. त्याच जागच्या इतर शंभर तुकड्यांशी ते जुळते का, हे पाहायला हवे.

आपल्याकडचे एक उदाहरण इथे उपयोगी पडते, संबंध म्हणून नाही, पद्धत म्हणून. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले. तिथे एका ताम्रपाषाणकालीन घराच्या जमिनीखाली मातीचे झाकणवाले पात्र मिळाले, त्याच्यासोबत एक स्त्रीमूर्ती, शिराविनाच घडवलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल, सगळे कच्च्या मातीचे. ती शिर नसलेली मूर्ती एकटी, कचऱ्याच्या ढिगात मिळाली असती तर आपण 'मोडकी बाहुली' म्हणून पुढे गेलो असतो. ती कुठे, कशासोबत आणि कशी ठेवली होती हे कळले म्हणूनच ती पूजेतली वाटते. शिवाय ती कच्ची आहे. टिकावी म्हणून घडवलेलीच नव्हती. दरवर्षी मूर्ती बसवून विसर्जन करणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये: मूर्तीचे काम संपणे हाही विधीचाच भाग असू शकतो, आणि मग तुटलेली दोगू म्हणजे कार्य पार पडलेली दोगू.

एका दोगूचे काम मात्र स्पष्ट कळते. कानागावा प्रांतातल्या नाकायाशिकी इथे १९३४ मध्ये भांड्यासारखी पोकळ, उभी स्त्रीमूर्ती मिळाली, उंची २६.७ सेंटिमीटर. आत तान्ह्या मुलाची हाडे होती. ही जोमोन काळ संपतानाची, भातशेती येऊ घातली होती तेव्हाची. त्यानंतर दोगू घडवणे थांबत गेले. स्त्रीच्या पोटाच्या आकारापासून सुरू झालेली ही परंपरा शेवटाकडे येता येता मेलेले मूल पोटात ठेवणाऱ्या मूर्तीपर्यंत आली. मी वर ज्याला भक्कम धागा म्हटले तो इथेही हाती लागतो, म्हणून मी त्याला सोडत नाही.

वाचक टोकियोतच आहे, तर त्याला एक सांगणे. उएनोतल्या त्या मूर्तीपुढे पुन्हा उभे राहताना या वेळी मूर्तीच्या डाव्या बाजूला, जिथे पाय नाही तिथे बघा; पोकळ मूर्तीची भिंत किती पातळ घडवली आहे याचा अंदाज येईल. आणि एक दिवस काढून यामानाशीला शाकादोच्या संग्रहालयात जा. चुओ महामार्गावरच्या शाकादोच्या वाहनतळावरून तिथे पायी चढून जाता येते. तिथे एखादी देखणी, अखंड मूर्ती मधोमध ठेवलेली नाही. तुटलेले चेहरे आणि तुटलेले पाय रांगेने मांडले आहेत. मानेखालची काडीची भोके शोधा, सापडतील.